तीन सामने, मग पुन्हा दाखवा

आमच्या मंडळाच्या वार्षिक अंकात केमिस्टकाकांवर जो श्रद्धांजलीपर लेख आला आहे, तो मी दोनदा वाचला. पहिल्यांदा चष्म्याशिवाय वाचला, तेव्हा बरा वाटला. चष्मा लावून वाचल्यावर मात्र मला राहवेना. लेखक आमच्या मंडळाचे सचिव आहेत. व्यवसायाने ते दंतवैद्य आहेत, आणि समोरच्याचं तोंड उघडं असताना त्याला बोलता येत नाही याची त्यांना इतकी सवय झाली आहे, की आपल्याला कुणी खोडून काढील ही शक्यताच त्यांच्या मनाला शिवत नाही. ते लिहितात, ‘सईने टाकलेला पहिलाच चेंडू पाहून काका उद्गारले, ही मुलगी देशासाठी खेळणार! आणि त्या अविस्मरणीय विजयाच्या दिवशी अखेरच्या चेंडूला ते जाळीमागे उभे राहून लहान मुलासारख्या टाळ्या वाजवत होते.’

सई माझी नात. तिने टाकलेला पहिला चेंडू केमिस्टकाकांनी पाहिला नव्हता. दुसरा, तिसरा किंवा शंभरावाही पाहिला नव्हता. ते जन्मात कधी ‘उद्गारले’ नाहीत. ते बोलत, आणि तेही समोरच्याने दोनदा विचारल्यावर. तो विजय नव्हता. आणि अखेरच्या चेंडूला ते जाळीमागे तर नव्हतेच. ते कुठे होते हे या पृथ्वीतलावर मला एकट्याला नक्की ठाऊक आहे. ते मी यथावकाश सांगणार आहे, कारण आधी माणूस सांगितल्याशिवाय ते सांगण्यात अर्थ नाही.

नाव मी मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं, की मंडळ ते एखाद्या करंडकाला देऊन टाकील.

मिरजेत एका मोठ्या इस्पितळासमोर त्यांचं औषधांचं दुकान होतं. पत्नी गेल्यावर ते दुकान भाच्याच्या हवाली करून इथे परदेशात मुलीकडे आले, आणि रोटोटुना या उपनगरात आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहू लागले. येताना त्यांनी दोन गोष्टी आणल्या. एक पांढरा कोट, जो ते इथल्या उन्हाला उपाय म्हणून बारा महिने घालत. दुसरी म्हणजे दुकानातल्या कागदी पुड्यांचा गठ्ठा. गोळ्या सुट्या देताना ज्या लहानशा पाकिटात घालतात, त्या पुड्या. प्रत्येकीवर सकाळ, दुपार, संध्याकाळ असे तीन शब्द छापलेले आणि प्रत्येक शब्दापुढे मोकळी जागा. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने विचारलं, यात काय आहे? काकांनी सांगितलं, अजून काही नाही. एवढ्या उत्तरावर त्यांना पाऊण तास बसवून ठेवलं होतं म्हणतात. त्यांची मुलगी दीड तास सांगते; पण तिला वाट बघावी लागली होती, त्यामुळे तिचं माप मी ग्राह्य धरत नाही.

पांढरा कोट, खाली अर्धी चड्डी, पायांत मोजे आणि त्या मोज्यांवर रबरी चपला, ज्यांना इथे जँडल म्हणतात. हातात घडीचं स्टूल. कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे इथल्या वाणसामानाच्या दुकानात, लोक त्यांना वाट करून देत. आरोग्यखात्याचा माणूस तपासणीला आला आहे असा त्या दुकानदाराचा कित्येक महिने समज होता.

या गृहस्थांची एक विलक्षण खोड होती. जे बघायला सगळे जमलेले असत, ते त्यांनी कधी बघितलं नाही. मंडळात गाण्याची बैठक असली, की हे गाणाऱ्याकडे पाठ करून श्रोत्यांकडे तोंड करून बसत. कार्यकारिणीची निवडणूक झाली, नवे अध्यक्ष हार घालून उभे राहिले, तेव्हा हे मला कानात विचारतात, “साहेब, खुर्च्या उचलायला कोण थांबणार आहे ते ठरलं का?” माझ्या मुलाने नवी गाडी घेतली आणि कौतुकाने त्यांना दाखवायला नेली. त्यांनी गाडीकडे ढुंकून पाहिलं नाही. “दुरुस्तीला कुठं टाकणार?” म्हणाले. गॅरेजचं नाव ऐकून त्यांनी खिशातून पुडी काढली, तीवर काहीतरी लिहिलं आणि मुलाच्या हातात दिली. ‘तीन महिने. मग पुन्हा दाखवा.’

हे त्यांचं सगळ्यात प्रसिद्ध वाक्य. कोणत्याही बाबतीत तीनापलीकडचं भविष्य त्यांनी कधी सांगितलं नाही. तीन दिवस, तीन महिने, तीन सामने. मी एकदा त्यांना विचारलं, “अहो केमिस्ट, चौथ्याचं काय?”

“चौथ्याला पेशंट बदललेला असतो की.”

“पेशंट तोच असतो.”

“नाव तेच असतं साहेब.”

मी पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालो आहे. मी बांधलेल्या कालव्यांचं भविष्य तीन महिन्यांच्या मुदतीवर सांगितलं असतं, तर तालुकाभर शेतं कोरडी राहिली असती. आमचे खटके इथूनच उडत. पण मिरजेचा माणूस साहेब म्हणाला, की त्यात ‘तुमचं तुमच्यापाशी राहू द्या’ असा एक अर्थ असतो. तो कळायला मला दोन वर्षं लागली.

आता सईबद्दल. सई सॉफ्टबॉल खेळते. बेसबॉलचाच हा एक भाऊबंद. चेंडू मोठा, मैदान लहान, आणि चेंडू टाकणारी, म्हणजे पिचर, खांद्यातून हात पवनचक्कीसारखा गरकन फिरवून कमरेच्या बाजूने चेंडू सोडते. फलंदाजाच्या मागे मुखवटा घालून उकिडवी बसलेली असते ती कॅचर. कोणता चेंडू टाकायचा हे कॅचर दोन पायांच्या मध्ये बोटं दाखवून सुचवते. एवढं ज्ञान या लेखापुरतं पुरेसं आहे. आमच्या मंडळातल्या पुरुषमंडळींपाशी एवढंही नव्हतं. सईचा खेळ बघायला मंडळी प्रथम आली, तेव्हा पहिला महिनाभर सगळे टप्पा शोधत होते. “लेंग्थ कुठे आहे हिची?” असं सचिव महाशय दर चेंडूला विचारत. चेंडू जमिनीला लागतच नाही, तो हवेतून थेट जातो, हे त्यांना मीच सांगितलं. ते तेव्हा म्हणाले, “मग फुलटॉस मार खाणारच.” आज हेच गृहस्थ पहिल्या चेंडूची साक्ष काढतात.

सई टौरंगाच्या संघाकडून चार हंगाम खेळली. तिथल्या बंदरात कंटेनरांची वेळापत्रकं लावण्याची तिची उत्तम नोकरी होती. मग ऑकलंडजवळच्या पापाकुराच्या एका मोठ्या क्लबने तिला बोलावलं. त्या क्लबमधून देशाच्या संघाची निवड बघायला माणसं येतात. सईने नोकरी सोडली, राहतं घर सोडलं, पापाकुराला स्टेशनजवळ एका मैत्रिणीकडे खोली घेतली, आणि एका दवाखान्यात स्वागतकक्षात काम धरलं. “आजोबा, इट्स नाऊ ऑर नेव्हर,” एवढंच तिने मला सांगितलं. ती मराठी सगळं समजते. उत्तर तिच्या भाषेत देते.

त्या वेळी मी माझं मत दिलं होतं, आणि ते मी लपवणार नाही. मी आलेख काढला होता. सईची उंची बेताची, हात आखूड. वर्तुळाची त्रिज्या कमी, म्हणजे सुटणाऱ्या चेंडूचा वेग कमी. टौरंगात समोरच्या मुली तिच्याच मापाच्या होत्या. ऑकलंडकडच्या संघांत दणकट बायका खेळतात. पाण्याला जेवढी उंची, तेवढा जोर. त्याहून अधिक जोर पाण्याला कोणी देऊ शकत नाही. हा आलेख मी सईला जेवणाच्या टेबलावर समजावून सांगितला. तिने तो नीट घडी घालून पर्समध्ये ठेवला. सूनबाई म्हणतात, ती त्या दिवशी रडली. मी समोर बसलो होतो. मी तिला रडताना पाहिलेलं नाही.

नव्या संघाकडून सईचे पहिले दोन सामने वाईट गेले. वाईट म्हणजे, तिचे चेंडू समोरच्या बायकांनी कुंपणाबाहेर रस्त्यावर धाडले. रविवारी ती घरी आली आणि पानातली भाजी काट्याने इकडची तिकडे करीत बसली. सूनबाई इथल्या इस्पितळात परिचारिका आहेत; त्यांना बातमी काढून घेता येते.

“काय म्हणाला ग्रेग?” ग्रेग हा तिच्या संघाचा प्रशिक्षक.

“टू मोर सॅटर्डेज, मम्मा. देन आय’म ऑन द बेंच फॉर द सीझन. त्याच्याकडे दुसरी पिचर आहे. शी’ज नाइन्टीन. शी’ज हीप्स टॉलर.”

ते शेवटचं वाक्य, म्हणजे दुसरी कितीतरी उंच आहे हे, ती मराठी उच्चारात, माझ्याकडे बघून म्हणाली. माझा आलेख बरोबर ठरत होता. आनंद झाला नाही, हे मी इथे शपथेवर लिहितो.

केमिस्टकाका त्या दिवशी आमच्याकडे जेवायला होते. त्यांनी ताक संपवलं आणि विचारलं, “मागं कोण बसतं?”

“सॉरी, काका?”

“तू टाकतेस ते घेतं कोण?”

“ओह. अरोहा. शी’ज रिअली गुड. शी’ज अ लेजंड देअर.”

“शनिवारी मी येतो.”

मी म्हणालो, “अहो, पिचर ही आहे. अडचण हिची आहे.”

तेव्हा ते जे म्हणाले, ते मंडळाच्या अंकात यायला हवं होतं आणि आलेलं नाही. ते म्हणाले, “साहेब, औषध लागू पडणार की नाही हे बाटलीला विचारून कळत नाही. पोटाला विचारायचं असतं.”

शनिवारी आम्ही पापाकुराला गेलो. मी नेहमीप्रमाणे पहिल्या बेसच्या, म्हणजे धावणाऱ्या खेळाडूच्या पहिल्या थांब्याच्या, बाजूला, सईला दिसेल अशा जागी, खुर्ची टाकून बसलो. काकांनी आपलं स्टूल थेट जाळीमागे लावलं, कॅचरच्या पाठीशी, आणि डब्यातली मोडाची मटकी खात तिच्या पाठीकडे बघत बसले. सईच्या हाताकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. पलीकडे एक बाई आपल्या नवऱ्याला विचारत होती, हा डॉक्टर मॅचसाठी आहे का? सामना संपला. सईने पुन्हा मार खाल्ला होता. काका उठले, स्टूल मिटलं, आणि सईला म्हणाले, “अरोहाला उद्या जेवायला घेऊन ये. मांडी घालून जेवायचं म्हणावं.”

निघताना त्यांनी मला एक पुडी दिली. मी ती उघडून वाचली, आणि खिशात ठेवली. सूनबाईंनी हे लांबून पाहिलं. त्यांची कथा अशी, की त्या पुडीवर ‘सई संपली’ असं लिहिलेलं होतं, म्हणून माझा चेहरा उतरला, आणि सईने पुढे जे करून दाखवलं ते काकांचं भविष्य खोटं पाडायच्या ईर्ष्येने. सूनबाईंचा मी आदर करतो. पण त्यांनी पुडी वाचलेली नाही. त्यावर काय होतं ते मी सांगणार आहे. जेवणाचं आधी सांगू द्या, कारण ते आधी झालं.

आमच्याकडे चांगलं आठ माणसांचं टेबल आहे. काकांनी सकाळीच येऊन खुर्च्या पडवीत नेऊन ठेवल्या, बैठकीच्या खोलीत चटया अंथरल्या आणि पंगत मांडली. मी विरोध केला. पाहुणी इथल्या मूळ लोकांपैकी, तिला जमिनीवर बसवायचं, हा कुठला शिष्टाचार?

“त्यांच्यात चटईवर बसायची चांगली सवय असते साहेब. तुम्हालाच जड जाईल.”

अरोहा आली. उंच, रुंद खांद्यांची, तिशी ओलांडलेली, हसरी बाई. ती पापाकुरा स्टेशनवरून सुटणाऱ्या गाड्यांवर काम करते. “किया ओरा, होल फॅमिली!” म्हणाली, म्हणजे त्यांच्यातला नमस्कार केला, आणि त्यांच्याच रीतीने सूनबाईंना नाकाला नाक, कपाळाला कपाळ लावून भेटली. मग चटईकडे बघून एक क्षण थांबली. एवढाच क्षण. मग भिंतीला हात धरून खाली बसली, आणि उजवी मांडी घातली. डावा पाय समोर लांब पसरला, तो थेट काकांच्या पानापर्यंत गेला.

काका वाढत होते. त्यांनी त्या पायाला वळसा घालून थालीपीठ वाढलं, त्यावर लोणी ठेवलं आणि पुढच्या पानाकडे वळले. अरोहाने चार थालीपिठं खाल्ली. आम्हा सर्वांना वाटलं, बाईला आमचं जेवण आवडलं. काकांना जे कळायचं ते कळलं होतं.

जेवणानंतर पडवीत बसल्यावर त्यांनी तिला विचारलं. बोलणं इंग्रजीत झालं. मी ते मराठीत देतो, आणि माझ्या भाषांतरात एका शब्दाचाही फरक नाही.

“दोन डावांच्या मध्ये दोन गोळ्या घेता. बाकाखाली वाकून, कुणाला दिसू नये म्हणून. पांढऱ्या, लांबट. दिवसाला किती होतात?”

अरोहा हसायची थांबली. “म्हातारबाबा, तुम्ही लबाड आहात. त्यासाठी मला खाली बसवलंत?”

“थालीपीठ गरम होतं की नाही?”

“होतं.”

“मग त्याबद्दल तक्रार नाही. दिवसाला किती?”

“सहा.” मग डावा पाय चोळत, “शनिवारी आठ.”

सई उठून उभी राहिली. “सो दॅट्स व्हाय! दॅट्स व्हाय यू नेव्हर कॉल माय ड्रॉप!” हे मात्र मी तसंच ठेवतो, कारण ती ओरडली होती.

ड्रॉप म्हणजे फलंदाजाजवळ येता येता एकदम खाली पडणारा चेंडू. सईचं खरं अस्त्र तेच. टौरंगातली कॅचर तो पुनःपुन्हा मागत असे. पण तो घ्यायला कॅचरला गुडघ्यांवर लोळण घ्यावी लागते. अरोहाला डावीकडे खाली जाता येत नव्हतं. चेंडू सुटून मागे गेला असता, तर बेसवर उभी असलेली बाई पळत सुटली असती, आणि ग्रेगला गुडघा कळला असता. म्हणून अरोहा तो चेंडू मागतच नव्हती. सहा शनिवारांवर तिचा या क्लबमधला पंधरावा हंगाम पुरा होणार होता. तेवढे निभावून न्यायचे होते.

आणि माझी नात, नव्या संघात कालची आलेली, पंधरा वर्षं तिथे असलेल्या बाईला ‘माझा ड्रॉप का मागत नाहीस?’ असं विचारायला धजली नव्हती. मागेल ते मुकाट्याने टाकत होती आणि मार खात होती. हे आपल्या घरचं वळण. मोठ्यांना विचारायचं नाही. अरोहाने तिला तिथल्या तिथे विचारलं, “तू बोलली का नाहीस?” सई म्हणाली, “तू लेजंड आहेस.” अरोहा म्हणाली, “मी गाडीची दारं बंद करते ग बाई. मला कुणीही बोलतं.”

उपाय त्या दोघींनीच काढला. सचिव महाशय तो काकांच्या नावावर टाकतात. काका त्या वेळी कप विसळत होते. उपाय असा, की बेसवर कोणी नसेल तेव्हाच ड्रॉप मागायचा. चेंडू मागे सुटला तरी पळायला कोणी नाही. काकांनी एवढंच सांगितलं, की ग्रेगला गुडघा शनिवारच्या आधी कळला पाहिजे, आणि तो अरोहाच्याच तोंडून. अरोहाने आवारातल्या लिंबाच्या झाडाकडे पाहिलं. मग म्हणाली, “उद्या.” काकांनी पुडी काढून तीवर लिहिलं आणि ती तिला दिली. सकाळ, दुपार, संध्याकाळ यांचा अर्थ तिला सईने समजावला. तिने सांगितलं म्हणजे सांगितलं. सोमवारीच ग्रेगला भेटली. त्याने डोकं धरलं, गुडघ्याला पट्टा बांधायला लावला, आणि एवढा एक शनिवार देऊन टाकला. दोघींनाही.

आता तो शनिवार. माझा पुतण्या टौरंगाहून खास सामना बघायला आला होता. तो त्या सामन्याचं वर्णन चेंडूगणिक करतो. सूनबाई करतात. सचिव तर करतातच. प्रत्येकाचं निराळं, आणि प्रत्येक जण शेवटी माझ्याकडे बघतो, कारण या विषयावर माझ्यासमोर चुकीचं बोलायला लोक बिचकतात. मी आजवर ‘असं नव्हतं’ एवढंच म्हणत आलो. कसं होतं, ते मी कधी सांगितलं नाही. कारण मला ते माहीत नाही. तो सामना मी पाहिलेला नाही.

मी मैदानाबाहेर गाडीत बसलो होतो. मुलाने गाडी कुंपणाकडे तोंड करून लावली होती. मी ती वळवून रस्त्याकडे तोंड करून लावायला सांगितली. काचा वर. समोर एक बंद शाळा आणि एक पोस्टाची पेटी.

याचं कारण ती पुडी. ती सईसाठी नव्हतीच. माझ्या पाकिटात ती आजही आहे, त्यामुळे मी आठवणीवर विसंबत नाही, समोर धरून उतरवून घेतो. वर लिहिलं आहे, ‘साहेब’. सकाळ, या शब्दापुढे: ‘सामन्याला जाऊ नये.’ दुपार: ‘गेल्यास दिसू नये.’ संध्याकाळ: ‘मुलीला कशी झाली ते विचारावे. आपण सांगू नये.’ आणि खाली, ‘तीन सामने. मग पुन्हा दाखवा.’

पुडी हातात पडली त्याच वेळी मी त्यांना जाब विचारला होता. “याचा अर्थ काय?”

“मी पाठ बघत होतो साहेब. ती बाई बोटं दाखवून थांबते. थांबते म्हणजे थांबूनच राहते. का थांबते म्हणून मी वर बघितलं, तर तुमची नात तुमच्याकडे बघत होती. आधी तुमच्याकडे, मग बोटांकडे. दर चेंडूला.”

“नात आहे. बघणारच.”

“आणि तुम्ही मान हलवत होता.”

मी मान हलवतो हे मला ठाऊक नव्हतं. ती माझी विचार करण्याची पद्धत आहे. कालव्याच्या कामावर मी उभा राहिलो, की मुकादम म्हणत, साहेबांची मान हलायची थांबली की काम पास. नकाराचा त्यात भाग नाही. पण पन्नास पावलांवरून, हातात चेंडू घेतलेल्या मुलीला ते कसं दिसत असेल, याचा आलेख मी काढलेला नव्हता.

असो. मी गाडीत बसलो होतो. मैदानावरून मधूनच ओरडा येई, आणि तो आपल्यांचा की त्यांचा हे काचेतून कळत नसे. तासभर झाला असेल. पलीकडचं दार उघडलं आणि पांढरा कोट आत आला. आधी स्टूल, मग माणूस.

“काय झालं?”

“बरं चाललंय.”

“धावा किती झाल्या?”

“फलकाकडं बघितलं नाही.”

“सई कशी टाकते आहे?”

“ती नाही बघितली. अरोहा दोनदा खाली गेली. डाव्या बाजूला. दोन्ही वेळा उठली.”

“मग इकडे का आलात? सामना संपायचा आहे अजून.”

त्यांनी मटकीचा डबा उघडून माझ्यापुढे धरला. “तिथं आता बघायला काही उरलं नाही. त्या दोघी एकमेकींना बघायला लागल्यात. इथं माझा एक पेशंट एकटा बसलाय म्हटलं.”

मी मटकी खाल्ली. मीठ कमी होतं, तसं मी सांगितलं. आम्ही दोघं त्या बंद शाळेकडे आणि पोस्टाच्या पेटीकडे बघत बसलो. मैदानावर एक प्रचंड ओरडा झाला. माझी मान हलत होती का, ते मला माहीत नाही; काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता आणि तो त्यांनी काढला नाही. मंडळाच्या अंकात ते जाळीमागे उभे राहून टाळ्या वाजवत आहेत, तो हाच क्षण. त्यांचा एक हात डब्यात होता आणि एक माझ्या खांद्यावर. टाळीला दोन हात लागतात.

मग काचेवर टकटक झाली. धुळीने माखलेली सई. मी काच खाली केली, आणि पुडीवर लिहिल्याप्रमाणे, अक्षरशः त्याप्रमाणे, विचारलं, “कशी झाली?”

“वी लॉस्ट बाय वन, आजोबा!” ती हसत होती. “पण ग्रेगने मला शेवटपर्यंत ठेवलं! द होल गेम! तू का इथे बसलायस?”

काका म्हणाले, “ऊन होतं.”

तर सामना एका धावेने हरलो. सईची पिचरची जागा राहिली. देशाच्या संघात तिची निवड झालेली नाही. चाचणीला एकदा बोलावलं होतं, तिथून ती परत आली. सचिवांनी अंकात लिहिलेलं वाक्य पुढच्या अंकात दुरुस्त करावं. अरोहाच्या गुडघ्यावर हंगामानंतर शस्त्रक्रिया झाली. पंधराव्या हंगामाचे उरलेले शनिवार तिने बाकावर बसून पुरे केले, आणि आता सोळाव्यात ती पुन्हा उकिडवी बसते. सईच्या यशाचं कारण अरोहाचा गुडघा, की माझी मान? यावर घरात आजही वाद आहे. माझ्या मते गुडघाच. आलेखात मानेला जागा नाही.

मी तीन सामने गाडीत काढले. औषध पुरं केलं. चौथ्याला पुन्हा दाखवायचं होतं, पण त्या आठवड्यात काकांना इस्पितळात नेलं, आणि ते परत आले नाहीत. दाखवायचं राहून गेलं. त्यांच्या मुलीने मला विचारलं, बाबांचं काही ठेवायला हवं आहे का? मी म्हणालो, स्टूल.

गेल्या शनिवारी पापाकुराला मी ते जाळीमागे लावलं. माणूस उंचीला माझ्याहून कमी होता, त्यामुळे गुडघे जरा वर येतात. बाकी स्टूल चांगलं आहे. अरोहा एकदा मागे वळून म्हणाली, “किया ओरा, आजोबा,” आणि पुन्हा पुढे बघू लागली. बोटं दाखवली, की तिला थांबावं लागत नव्हतं. खाली जायची, उठायची. पुन्हा जायची, उठायची.

सामना संपल्यावर सई आली, मुखवट्याच्या जाळीने अरोहाच्या गालांवर वळ उठले होते त्यावरून तिची थट्टा करीत. मग मला म्हणाली, “सो? कशी टाकली मी?”

मी म्हणालो, “मी पाहिलं नाही.”